‘सी’चा जाईल, ‘डी’चा राहील

मुंबईच्या उपनगरांत आजारी कॉम्प्युटरला एकच औषध देतात. मशीन हळू चालतंय, फॉरमॅट. मशीन मध्येच बंद पडतंय, फॉरमॅट. मुलाची दहावी जवळ आली आणि गेम काढून टाकायचेत, फॉरमॅट. प्रिंटर कागद ओढत नाही म्हणून बोलावलेला माणूससुद्धा प्रिंटरला हात लावण्याआधी कॉम्प्युटरकडे बघून मान हलवतो आणि म्हणतो, ‘‘काका, एकदा फॉरमॅट मारून घ्या.’’

हा माणूस म्हणजे सोसायटीचा ‘इंजिनिअर’. मुलुंड पूर्वेला तो नीलमनगरातून येतो, घाटकोपरला पंतनगरातून, बोरिवलीला शिंपोलीतून. पदवी असो वा नसो, हार्डवेअर-नेटवर्किंगचा सहा महिन्यांचा कोर्स आणि पाठीवर सॅक एवढ्यावर त्याला ही उपाधी मिळते. सॅकमध्ये एक स्क्रूड्रायव्हर, सीडींचं पाकीट आणि एक केबल. फोन केला की तो कायम स्टेशनवरच असतो, पाच मिनिटांत पोहोचणार असतो, आणि रात्री सव्वानऊला मालिका ऐन रंगात असताना बेल वाजवतो.

मग ठरलेला संवाद होतो.

‘‘डेटा जाईल का हो?’’

‘‘सीचा जाईल. डीचा राहील.’’

‘‘आमचा कशात आहे?’’

‘‘ते तुम्हाला माहीत, काका.’’

काकांना ते माहीत नसतं. ए आणि बी ही अक्षरं फ्लॉपीसाठी राखून ठेवलेली होती. फ्लॉपी गेली, आरक्षण राहिलं, म्हणून हार्ड डिस्कची बाराखडी आजही सीपासून सुरू होते. विंडोज सीमध्ये राहते. उरलेल्या जागेत इंजिनिअर डी आणि ई असे कप्पे पाडतो आणि त्यांना ‘सॉफ्टवेअर’, ‘साँग्ज’, ‘पर्सनल’ अशी नावं देतो. पर्सनलमध्ये त्याच्या मागच्या गिऱ्हाइकाच्या लग्नाचे फोटो निघाले तर कुणी फार मनावर घेत नाही.

खरी गोम पुढेच आहे. घरातला माणूस ज्याला आपला डेटा म्हणतो तो नव्वद टक्के डेस्कटॉपवर पडलेला असतो. पगाराची स्लिप, आजीचे रिपोर्ट, गॅसच्या तक्रारीचं पत्र, मुलीचा बायोडेटा, ‘न्यू फोल्डर’, ‘न्यू फोल्डर (२)’ आणि ज्यात काहीच नाही असा ‘न्यू फोल्डर (३)’. डेस्कटॉप म्हणजे समोर दिसणारा पडदा, तो कुठल्या ड्राइव्हमध्ये असेल असं कुणाच्या मनातही येत नाही. पण डेस्कटॉप सीमध्येच असतो. ‘माय डॉक्युमेंट्स’ही सीमध्येच. थोडक्यात, ‘सीचा जाईल’ याचा अर्थ ‘तुमचा जाईल’, आणि ‘डीचा राहील’ याचा अर्थ मुलानं उतरवलेले सिनेमे राहतील.

उपनगरवासीयांना हा हिशेब खरं तर समजायला हवा, कारण हार्ड डिस्क ही इमारतीसारखीच चालते. पाचशे जीबीची डिस्क घेतली की कॉम्प्युटर चारशे पासष्ट दाखवतो. कंपनी एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरते, विंडोज १०२४ चा तीनदा गुणाकार करते. एक बिल्ट-अप सांगतो, दुसरा कार्पेट मोजतो. आणि फॉरमॅट म्हणजे पुनर्विकास. फरक एवढाच, की सोसायटीची इमारत पाडून नवी बांधायची तर ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयानुसार एकूण सभासदांपैकी किमान ५१ टक्के जणांची संमती लागते, निबंधकांच्या प्रतिनिधीसमोर सभा घ्यावी लागते, तिचं चित्रीकरण करावं लागतं. दहा वर्षांचा कौटुंबिक इतिहास पाडायला मात्र काकांचं ‘‘बघा काय ते’’ पुरतं. इमारतीतल्या लोकांना निदान ट्रान्झिटचं भाडं मिळतं. डेटाला मिळतो चार जीबीचा पेन ड्राइव्ह, तोही इंजिनिअरचा, आणि त्यात आधीच कुणाचं तरी बिऱ्हाड असतं.

फॉरमॅटचा सुवर्णकाळ म्हणजे विंडोज एक्सपीचा. २५ ऑक्टोबर २००१ रोजी ती बाजारात आली आणि ८ एप्रिल २०१४ रोजी मायक्रोसॉफ्टनं तिची देखभाल थांबवली. मधल्या साडेबारा वर्षांत उपनगरातल्या एका पिढीनं चालणं, बोलणं आणि एक्सपी टाकणं बहुधा याच क्रमानं शिकून घेतलं. सीडी आत गेली की निळा पडदा. परवान्याच्या अटी मान्य असल्यास एफ-८ दाबा. त्या अटी आजवर कोणत्या उपनगरात कुणी वाचल्या असतील तर त्यांचा जाहीर सत्कार व्हायला हवा. मग जुना कप्पा उडवायला ‘डी’ दाबा, एंटर दाबा, आणि खात्री असल्यास ‘एल’ दाबा. लायब्ररीचं कार्ड रद्द करतानाही यापेक्षा जास्त चौकशी होते.

त्यानंतर डाव्या बाजूला यायचं, आता सुमारे ३९ मिनिटं लागतील. हा आकडा एक्सपी टाकलेल्या प्रत्येकाला आठवतो. ती ३९ मिनिटं साध्या घड्याळाची कधीच नव्हती. ३४ वर अडकायची, मग एकदम २५ वर उडी, मग १३ वर इतकी रेंगाळायची की काकू दुसरा चहा टाकायच्या. या मधल्या वेळात इंजिनिअर घरचा होऊन जाई. तो कांदेपोहे खाई, म्हाडाच्या लॉटरीचं काय झालं ते सांगे, तिसऱ्या मजल्यावरच्यांनी लॅपटॉप घेतल्याची बातमी देई. उपनगरातला शेजारधर्म टिकवण्यात एक्सपीच्या त्या संथ पट्टीचा वाटा समाजशास्त्रज्ञांनी अजून मोजलेला नाही.

मध्येच पंचवीस अक्षरांची किल्ली विचारली जाई. काकांनी सीडी कधी विकत घेतलेली नसे, त्यामुळे किल्ली त्यांच्याकडे नसे. इंजिनिअरला ती तोंडपाठ असे. एफसीकेजीडब्ल्यू या पाच अक्षरांनी सुरू होणारी एक किल्ली एक्सपी बाजारात येण्याआधीच फुटली होती आणि जगभरातल्या सगळ्या ‘आपल्या माणसां’ना एकदम पाठ झाली होती. २००२ मध्ये पहिल्या सर्व्हिस पॅकसोबत मायक्रोसॉफ्टनं ती अडवली. मग लॅमिंग्टन रोडवर दुसऱ्या निघाल्या. त्या रस्त्याचं सरकारी नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण कॉम्प्युटर घेऊन तिथे जाणारा कुणीही ते नाव उच्चारत नाही. बोरिवलीहून फास्टनं गेलं तर गाडी ग्रँट रोडला थांबेलच असं नाही, मुलुंड-घाटकोपरवाल्याला दादरला बदलावं लागतं, आणि दादरच्या पुलावर छातीशी सीपीयू कवटाळून चढणाऱ्या माणसाला गर्दी ज्या तत्परतेनं वाट देते ती तान्ह्या मुलाच्या आईलाही मिळत नाही.

शेवटी ती हिरवी टेकडी उगवे. चार्ल्स ओरिअर या छायाचित्रकारानं १९९६ साली कॅलिफोर्नियातल्या सोनोमा परगण्यात टिपलेलं ते दृश्य. समोरच्या बिल्डिंगची ड्रेनेज पाइप दिसणाऱ्या खिडकीशेजारी ती टेकडी फार शोभून दिसे. पडद्यावर फक्त रीसायकल बिन. काका हरखून म्हणत, ‘‘वा! अगदी नव्यासारखा झाला.’’

आनंद टिके आवाज लावून बघेपर्यंत. आवाज येत नसे. साउंडचा ड्रायव्हर टाकायचा राहिला. तो मदरबोर्डसोबत आलेल्या सीडीत, आणि ती सीडी माळ्यावर गणपतीच्या मखराच्या खोक्यात. ठीक, नेटवरून उतरवू. नेट चालत नाही. लॅनचा ड्रायव्हर टाकायचा राहिला. लॅनचा ड्रायव्हर कुठून आणायचा? नेटवरून. या पेचावर वेदान्तातही उत्तर नाही. इंजिनिअर म्हणे, ‘‘उद्या घेऊन येतो,’’ आणि तो उद्या पुढच्या गुरुवारी उजाडे.

ही सगळी हालत जगात कुठेही झाली असती. मराठी माणसाच्या वाट्याला फॉरमॅटनंतर आणखी एक खास संकट यायचं, ते म्हणजे फॉन्ट.

युनिकोड ही सगळ्या लिप्यांची सामाईक पद्धत रुळण्यापूर्वी मराठी टंकन ज्याच्या-त्याच्या मालकीचं होतं. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचं श्रीलिपी, सी-डॅकचं आयएसएम, बंगळुरूहून आलेलं आकृती. प्रत्येकाची युक्ती साधारण सारखीच: संगणकाच्या दृष्टीनं फाइलमध्ये इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच असायची, फॉन्ट फक्त त्यांच्यावर मराठी वळणं चढवायचा. कोणत्या अक्षरावर कोणतं वळण, हे प्रत्येक कंपनीनं आपापलं ठरवलेलं. फॉन्ट सी ड्राइव्हमध्ये, विंडोजच्याच पोटात. फॉरमॅटमध्ये फॉन्ट गेला की डीमध्ये जिवापाड जपलेली फाइल उघडल्यावर ‘सप्रेम नमस्कार विनंती विशेष’ ऐवजी डॉलर, कंस, उलटे प्रश्नचिन्ह आणि सुटी इंग्रजी अक्षरं असा मजकूर दिसायचा. डेटा राहिला होता. फक्त तो कोणत्या भाषेत राहिला होता ते कळत नव्हतं.

घाटकोपर-बोरिवलीच्या स्टेशनांबाहेरच्या डीटीपीवाल्यांनी या संकटावर संसार केले. लग्नसराईत तीनशे पत्रिकांचं काम मशीनवर आणि त्याच आठवड्यात व्हायरस, असा योग हटकून येई. मग श्रीलिपी पुन्हा टाका. पण ती चालायला प्रिंटरच्या पोर्टात खुपसायचं लॉक हवं, ते लॉक भाच्यानं दुसऱ्या मशीनसाठी नेलेलं. आकृतीत उघडून बघा, तिच्यात ‘चि. सौ. कां.’ची जी अवस्था होई ती वरपक्षाला दाखवण्यासारखी नसे. जुना कुणी डीटीपीवाला भेटला तर विचारून पाहा, ‘आवृत्ती कोणती?’ हा प्रश्न तो आजही झोपेत विचारील.

एक्सपीला युनिकोड मराठी येत होती, मंगल हा फॉन्ट मायक्रोसॉफ्टनं दिलेलाच होता. पण ती मराठी आपोआप येत नसे. कंट्रोल पॅनेलात जाऊन गुंतागुंतीच्या लिप्यांसाठीच्या चौकटीत बरोबरची खूण करायची, मग एक्सपी आपली मूळ सीडी पुन्हा मागणार, आणि ती सीडी तर इंजिनिअरच्या सॅकमध्ये मुलुंडहून पुढे ठाण्याला गेलेली. तोवर मराठी वर्तमानपत्राच्या संकेतस्थळावर ओळीनं चौकोन. काही घरांनी वर्षानुवर्षं ते चौकोनच वाचले.

व्यापारी वर्गाचं दुखणं वेगळं होतं. मुलुंड, घाटकोपर, बोरिवलीत दुकानापासून सीएच्या कार्यालयापर्यंत सगळा जीव टॅलीत. टॅली कंपनीनिहाय डेटा वेगवेगळ्या फोल्डरात ठेवते, पण त्या फोल्डरला शेठजींच्या पेढीचं नाव नसतं. नुसता आकडा असतो. ‘महत्त्वाचं तेवढं कॉपी कर’ असं सांगून शेठ देवदर्शनाला गेले, की इंजिनिअर ‘मुलाचा वाढदिवस’ नावाचा फोल्डर भक्तिभावानं उचलतो आणि आकड्यांचं फोल्डर कचरा समजून सोडून देतो. जुलै महिन्यात, विवरणपत्रांच्या धामधुमीत, सीएच्या मशीनला हात लावायला शहाणा इंजिनिअर तयार होत नाही. तो म्हणतो, ‘‘साहेब, ऑगस्टमध्ये बघू.’’ अनुभवानं आलेलं हे शहाणपण कोणत्याही कोर्समध्ये शिकवत नाहीत.

आणि सोसायटीचं ऑफिस! तिथला कॉम्प्युटर म्हणजे मेंटेनन्सची बिलं, थकबाकीदारांची यादी, पार्किंगचा वाद, मागच्या पाच सर्वसाधारण सभांचे इतिवृत्तान्त आणि वॉचमनचे भोजपुरी सिनेमे. कमिटी बदलली की नवे सेक्रेटरी पहिल्याच आठवड्यात फॉरमॅट मारतात. ‘‘व्हायरस होता,’’ असं ते सांगतात. जुनी कमिटी म्हणते, व्हायरस नव्हता, हिशेब होता. दोघांचंही खरं असू शकतं.

इथे तांत्रिक बाजू थोडी सांगायला हवी, कारण ज्याला सारं काही पुसायचंय त्याची फसवणूक इथेच होते. साधी चकतीची हार्ड डिस्क क्विक फॉरमॅट केली की पुसली जाते ती मुख्यतः अनुक्रमणिका. कोणती फाइल कुठे आहे याची नोंद जाते. फाइल जिथे होती तिथेच पडून राहते, तिच्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत. एक्सपीच्या काळातला ‘फुल’ फॉरमॅटही तसाच होता. तो तासभर चाले, लोकांना वाटे घासूनपुसून काढतोय. प्रत्यक्षात तो खराब झालेली जागा शोधत फिरत असे, मजकुराला हात लावत नसे. २००७ साली घराघरांत आलेल्या व्हिस्टापासून फुल फॉरमॅट खरोखर शून्यं लिहू लागला.

म्हणजे नीट बघा काय होतं ते. जे ठेवायचं होतं ते काकांना परत सापडत नाही, आणि जे घालवायचं होतं ते शोधू बघणाऱ्याला सहज सापडतं. एवढी नेमकी उलटी न्यायव्यवस्था दुसऱ्या कुठल्या यंत्रात नसावी.

अमेरिकेत एमआयटीच्या सिमसन गार्फिंकेल आणि अभी शेलत या दोघांनी सेकंडहँड बाजारातून १५८ हार्ड डिस्क विकत घेतल्या. त्यातल्या १२९ चालू निघाल्या. नीट पुसलेल्या किती? बारा. बाकीच्यांत क्रेडिट कार्डांचे हजारो नंबर, खासगी पत्रं, वैद्यकीय कागद. एक डिस्क तर चक्क एटीएम यंत्रातून आलेली. २००३ च्या जानेवारीत हा अभ्यास छापून आला. तो अमेरिकेतला आहे म्हणून साकीनाक्याला किंवा कुर्ल्याला भंगारात सीपीयू किलोवर घालणाऱ्यांनी निश्चिंत राहावं असं काही नाही. तिथे डिस्क वजनावर जाते, आणि काकांचं पॅन कार्ड, काकूंची सोनोग्राफी आणि मुलाचे कॉलेजातले प्रेमविषयक मसुदे वजनात धरले जात नाहीत.

याच्या उलट टोकाला गेलेलेही आहेत. पीटर गुटमन यांनी १९९६ साली एका शोधनिबंधात डिस्कवर ३५ वेळा वेगवेगळे नमुने लिहिण्याची रीत दिली. ती तेव्हाच्या निरनिराळ्या जातींच्या डिस्कसाठी मिळून होती. लोकांनी ३५ हा आकडा तेवढा उचलला आणि श्रद्धेनं जपला. आजच्या डिस्कवर ३५ फेऱ्यांना अर्थ नाही असं खुद्द गुटमननीच पुढे सांगितलं; चकतीच्या आधुनिक डिस्कला एकदा सर्वत्र लिहिणं पुरतं. पण ‘एकदा पुरे’ या सल्ल्याचे पैसे मागता येत नाहीत.

ज्यांना खरोखर काही लपवायचं असतं त्यांच्यासाठी सांताक्रूझजवळ कालिन्याला न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा आहे. पोलिसांनी जप्त केलेली डिस्क अशा ठिकाणी गेली की तिच्यावर काहीही लिहिलं जाणार नाही अशा बंदोबस्तात तिची बिट न् बिट नक्कल काढतात, तिचा ‘हॅश’ म्हणजे आकडी ठसा नोंदवतात आणि मग त्या नकलेवर शोध सुरू होतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातल्या कलम ६३ च्या प्रमाणपत्रात हा हॅश लिहावाच लागतो. एखाद्या वादग्रस्त कार्यालयात ‘काल रात्रीच फॉरमॅट मारला’ असं कुणी सांगितलं, की तपास करणाऱ्यांना त्यात अडचण कमी आणि धागा जास्त दिसतो. पुरावा नष्ट करणं हा पुन्हा स्वतंत्र गुन्हा.

फॉरमॅटची ही सवय आपल्याला लावली कुणी? बऱ्याच अंशी व्हायरसनं. २६ एप्रिल १९९९, सोमवार. त्या दिवशी सीआयएच नावाचा व्हायरस जागा झाला. चेन इंग-हाऊ या तैवानी विद्यार्थ्यानं तो लिहिला होता. तारीख चेर्नोबिल दुर्घटनेची, म्हणून ‘चेर्नोबिल’ हे नाव पडलं. विंडोज ९५ आणि ९८ च्या मशीनवर तो डिस्कच्या सुरुवातीच्या एक एमबीवर रद्दी लिहून टाकायचा, म्हणजे अनुक्रमणिकाच साफ. आणि जमलंच तर मदरबोर्डवरच्या बायोस चिपचीही वाट लावायचा. बायोस गेली की मशीन सुरूच होत नाही. इंजिनिअरच्या इतिहासात पहिल्यांदाच अशी वेळ आली, की फॉरमॅट मारायलाही काही शिल्लक नव्हतं.

फॉरमॅटखेरीज दुसरं औषध काढणारी माणसं मात्र महाराष्ट्रातच निघाली. सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरच्या कैलाश काटकरांनी पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात केली. दुरुस्तीला येणारी मशीन व्हायरसनं बेजार झालेली असत. धाकट्या संजयनं, कॉम्प्युटरचं शिक्षण घेता घेता, ते साफ करणारे छोटे प्रोग्रॅम लिहायला घेतले. १९९३ मध्ये दोघांची कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस निघाली, त्यातून क्विक हील आलं, २००७ मध्ये कंपनीनंच ते नाव घेतलं आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये ती शेअर बाजारात दाखल झाली. आता गंमत अशी, की उपनगरातला इंजिनिअर आधी फॉरमॅट मारायचा आणि मग त्या स्वच्छ मशीनवर क्विक हील टाकायचा. दोन्हीचं बिल वेगळं.

बॅकअप ठेवावा हे सगळ्यांना माहीत असतं. तो उघडून बघावा हे कुणालाच माहीत नसतं, पिक्सार या अ‍ॅनिमेशन स्टुडिओलासुद्धा नव्हतं. १९९८ मध्ये ‘टॉय स्टोरी २’ तयार होत असताना कुणीतरी चुकीची आज्ञा दिली आणि डोळ्यांदेखत पात्रं एकेक करून सर्व्हरवरून नाहीशी होऊ लागली. बॅकअप काढला तर तो कित्येक दिवस नीट होतच नव्हता. वाचवलं ते गेलिन सुसमन या तंत्रदिग्दर्शिकेच्या घरच्या मशीननं. बाळंतपणानंतर ती घरून काम करत होती आणि सिनेमाची प्रत तिच्याकडे होती. ते मशीन पांघरुणात गुंडाळून गाडीतून स्टुडिओत आणलं. पुढची गोष्ट कमी सांगितली जाते: जिवाच्या आकांतानं वाचवलेला तो सिनेमा थोड्याच दिवसांत मंडळींना आवडेनासा झाला आणि बहुतेक सगळा पुन्हा नव्यानं बनवला गेला.

अशी निर्घृण सुरुवात करायला पिक्सारची छाती लागते. अंधेरीतल्या माणसाला ते जमत नाही. फॉरमॅट झालेल्या मशीनवर तो पहिलं काम करतो ते म्हणजे वाचवलेलं सगळं परत आणून ठेवणं. डीमध्ये ‘जुना डेटा’. तो उघडला की ‘ओल्ड सी’. त्यात ‘डेस्कटॉप २०१३’, त्यात ‘पप्पा बॅकअप’, त्यात ‘न्यू फोल्डर (२)’, आणि अगदी तळाशी २००४ साली एमएस-सीआयटीच्या क्लासात केलेला ‘माझे कुटुंब’ हा पाच स्लाइडचा प्रकल्प. प्रत्येक फॉरमॅटला एक थर वाढतो. मशीन तीन बदलली, थर तेच. मग डिस्क भरते, मशीन हळू चालू लागतं आणि इंजिनिअरला फोन जातो.

२६ जुलै २००५ ला मात्र काय ठेवायचं, काय घालवायचं हे कुणी विचारलं नाही. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि तळमजल्यावरच्या असंख्य घरांत टेबलाखालचा सीपीयू सर्वांत आधी बुडाला. हार्ड डिस्क हवाबंद असते हा समज तेव्हा गेला. बहुतेक डिस्कना हवा खेळायला बारीक छिद्र असतं, त्यातून पाणीही जातं. भिजलेली डिस्क वाळवू नये, चालू तर मुळीच करू नये, तशीच ओली जाणकाराकडे द्यावी असं डेटा काढून देणारे सांगतात. आपल्याकडे ती उन्हात ठेवली गेली, वर हेअर ड्रायर फिरवला गेला, आणि ‘‘बघूया तरी’’ म्हणून बटण दाबलं गेलं.

आता दिवस पालटले. २०१२ मध्ये विंडोज ८ आली तेव्हा रीसेटचं बटण विंडोजमध्येच आलं. फाइल ठेवू की सगळं काढू, एवढंच ती विचारते. ना सीडी, ना ३९ मिनिटं, ना कांदेपोहे. चकतीच्या जागी एसएसडी आली आणि जुना नियमही उलटला. एसएसडीवर फॉरमॅट झाला की विंडोज ‘ट्रिम’ची आज्ञा धाडते, डिस्क आपल्या सवडीनं त्या पेशी रिकाम्या करून टाकते, आणि नंतर रिकव्हरीवाल्याकडे धावून बहुधा हाती काही लागत नाही. वीस वर्षं ‘काढून मिळतं हो!’ या भरवशावर जगलेल्या काकांना हे पटवणं कठीण आहे.

त्यातच १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची मोफत देखभाल संपली. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा सोय लागते, इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. म्हणजे उत्तम चाललेला २०१६ चा लॅपटॉप कितीही फॉरमॅट मारला तरी अधिकृतपणे विंडोज ११ ला चालत नाही. इंजिनिअर त्यातूनही वाट काढून देतो, पण हमी देत नाही. ज्यांनी नोंदणी केली त्यांना सुरक्षेचे अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात.

नव्या लॅपटॉपवाल्यांसाठी वेगळीच मेख आहे. २०२४ च्या आवृत्तीपासून विंडोज ११ कोऱ्या मशीनवर टाकून मायक्रोसॉफ्टच्या खात्यानं साइन-इन केलं, की बहुतेक मशीनवर डिस्क न विचारता कुलूपबंद होते. एरवी ते कळतही नाही. मदरबोर्ड बदलला, बायोसमध्ये काही हलवलं, की निळा पडदा येतो आणि ‘बिटलॉकर’ नावाच्या या कुलपाची ४८ आकडी रिकव्हरी किल्ली मागतो. ती त्या खात्यात असते, खातं भाच्यानं दुकानात उभ्या उभ्या काढलेलं असतं आणि भाचा आता कॅनडात असतो. इथे इंजिनिअरचं पाठांतर कामाला येत नाही, कालिन्यालाही हात टेकावे लागतील.

तेव्हा ज्यांच्या घरी असा लॅपटॉप आहे त्यांनी आजच आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जाऊन ते ४८ आकडे एका कागदावर उतरवून घ्यावेत. आणि कृपा करून तो कागद स्कॅन करून त्याच लॅपटॉपच्या डेस्कटॉपवर ठेवू नये.